तीन चिठ्ठ्यांचा फळा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमचे पुण्यातील ग्रंथनिर्मितीचे कार्यालय तिघांचे आहे. एक सहकारी अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करतात, दुसऱ्या प्रुफे तपासतात आणि लेखकांशी बोलण्यापासून छपाईला फाइल देण्यापर्यंतचे उरलेले सारे मी पाहतो. गेल्या दिवाळीनंतर आम्ही कामांची वही बाजूला ठेवून भिंतीवर पांढरा फळा लावला आणि त्यावर ‘आलेले’, ‘मांडणी’, ‘तपासणी’ व ‘छपाईला’ असे चार रकाने आखले. प्रत्येक पुस्तकाची एक चिठ्ठी असते आणि मधल्या दोन रकान्यांत मिळून तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या लावायच्या नाहीत, एवढाच नियम आहे. ताइची ओनो यांनी टोयोटाच्या कारखान्यात रुजवलेल्या ‘कानबान’ पद्धतीचे हे घरगुती रूप म्हणता येईल.

पूर्वी एका वेळी नऊ पुस्तके उघडलेली असत आणि महिन्याला साधारण तीन बाहेर पडत, म्हणजे एकेक पुस्तक सरासरी तीन महिने हाताखाली राही. हाती असलेली कामे, ती पूर्ण होण्याचा वेग आणि प्रत्येकाला लागणारा वेळ यांचे हे नाते जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केले होते. तीनची मर्यादा घातल्यावर तो काळ सुमारे एका महिन्यावर आला. अर्थात यात थोडी हातचलाखी आहे, हे मान्य केले पाहिजे, कारण पुस्तक आता आमच्या टेबलाऐवजी ‘आलेले’ या रकान्यात थांबते आणि लेखकाच्या दृष्टीने ते थांबणेच असते. खरा लाभ निराळा झाला. दीड महिन्याने पुन्हा हातात आलेल्या कादंबरीत ‘ऱ्हस्व-दीर्घाचे आपण काय ठरवले होते’ हे आठवण्यासाठी मागची पाने चाळण्यात जाणारे दिवस वाचले.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो क्रम लावण्याच्या एका जुन्या नियमाचा. सेल्मर जॉन्सन यांनी 1954 मध्ये मांडलेला हा नियम एकापाठोपाठच्या दोन टप्प्यांतून जाणाऱ्या कामांसाठी आहे. सर्व कामांचे दोन्ही टप्प्यांचे दिवस लिहून त्यांतील सर्वांत लहान आकडा शोधायचा. तो पहिल्या टप्प्याचा असेल तर ते काम सर्वांत आधी, दुसऱ्याचा असेल तर सर्वांत शेवटी घ्यायचे आणि उरलेल्या कामांसाठी हेच पुन्हा करायचे. आमच्याकडे चित्रांनी भरलेले पाककृतींचे पुस्तक (मांडणी 6 दिवस, तपासणी 2), एक कादंबरी (3 आणि 6) आणि एक कवितासंग्रह (1 आणि 2) याच क्रमाने आले होते. आले तसे घेतले असते तर तपासणीचे टेबल पहिले सहा दिवस रिकामे राहून सतराव्या दिवशी सारे संपले असते. कविता, कादंबरी, पाककृती असा क्रम लावल्यावर तेच काम, तेवढ्याच माणसांनी, बाराव्या दिवशी संपले.

मात्र हा नियम सर्व कामे मिळून कधी संपतील एवढेच पाहतो. पाककृतींचे पुस्तक आठव्याऐवजी बाराव्या दिवशी तयार झाले आणि सर्वांत आधी आलेल्या लेखिकेला त्याचे कारण पटवून देणे मला जमले नाही. तेव्हापासून तारीख कबूल केलेल्या पुस्तकांना लाल चिठ्ठी लावून त्यांचा क्रम तारखेनुसारच लावतो आणि जॉन्सन यांचा नियम उरलेल्यांपुरता ठेवतो.

लेखकाकडे वाचनाला गेलेले प्रूफ मर्यादेत धरावे की नाही, यावर आमचे अजून एकमत नाही. धरले तर एका लेखकाच्या परगावच्या मुक्कामामुळे फळा अडतो आणि न धरले तर तीनाची सहा पुस्तके होतात. सध्या आठ दिवस धरतो व नंतर चिठ्ठी काढून ठेवतो. आता दिवाळी अंकांचा हंगाम तोंडावर आहे, जाहिराती नेहमीप्रमाणे शेवटच्या आठवड्यात येतील आणि तेवढ्या काळापुरती मर्यादा चारवर न्यावी, असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे. मी अद्याप होकार दिलेला नाही.