दहा बाय बाराचा हॉल आणि नागपूरचे ऋतू : वापरानंतरचा अनुभव

मानेवाडा भागातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल १० बाय १२ फुटांचा आहे. मागच्या हिवाळ्याच्या अखेरीस आम्ही तो नव्याने मांडला आणि तेव्हापासून उन्हाळा, पावसाळा, महालक्ष्म्या आणि दिवाळी हे सगळे त्याच खोलीत पार पडले. नवी मांडलेली खोली पहिल्या महिन्यात छानच दिसते. ती कितपत राहण्याजोगी आहे हे ऋतू पालटल्यावरच कळते, म्हणून इतके थांबून लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. नागपुरात लहान हॉल मांडताना आधी कुलरची जागा आणि त्याच्या हवेची वाट ठरवावी, सामानाचा विचार त्यानंतर करावा. आमच्या खोलीचा निवांतपणा आणि तिचे देखणेपण, दोन्ही त्या एका निर्णयातून आले आहे.

कुलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूंना बसवलेल्या वाळ्याच्या पडद्यांतून, आत ओढतो, त्यामुळे आत आलेल्या हवेला समोरच्या बाजूने बाहेर पडायला वाट लागते. ती नसेल तर थोड्याच वेळात खोलीत दमटपणा साचतो आणि गाद्या-उशा ओलसर लागू लागतात. आमचा कुलर उत्तरेच्या खिडकीत आहे, तिच्या बरोबर समोर स्वयंपाकघराचे दार आणि त्यापलीकडे आणखी एक खिडकी. या सरळ पट्ट्यात १६ इंचांपेक्षा उंच काहीही ठेवायचे नाही, असे ठरवल्याबरोबर उंच पाठीचा सोफासेट, शोकेस आणि मधली लाकडी जाळी हे तिन्ही बेत गळून पडले. २३ मे २०१३ रोजी ज्या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, तिथे ही काटछाट मला जाचक वाटत नाही. थंड हवा जड असल्याने ती फरशीलगत राहते आणि बुटक्या बैठकीवर बसलेल्या माणसाला ती आधी लागते. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये गादी-लोडांची बैठक असे, तिच्यामागे थाटाबरोबर हा व्यवहारही असावा, असे मला यंदाच्या मे महिन्यात वारंवार वाटले.

म्हणून सोफ्याऐवजी लांब भिंतीला लागून सागवानी दिवाण करून घेतला. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, चौकट १२ इंच उंच आणि वर चार इंचांची गादी. लाकूड लकडगंजच्या लाकूडबाजारातून पारखून आणले. विदर्भाचे सागवान हा आपल्याकडचा खरा ठेवा आहे, २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपुरातूनच गेले होते. अशा ठिकाणी राहून भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचे फर्निचर घ्यावे, हे मला पटत नव्हते. खर्च तयार सोफासेटपेक्षा जास्त आला हे खरे, पण सागात मुळातच तेल असते आणि हवेतल्या ओलीने ते फारसे फुगत वा आकसत नाही, याची प्रचिती पावसाळ्यात आली. दिवाणाखाली चाकांवर सरकणारे दोन खण आहेत. झड लागून दिवसच्या दिवस कपडे वाळत नव्हते, तेव्हाही ते एका हाताने बाहेर येत होते. वर उचलायच्या झाकणाऐवजी समोरून ओढायचे खण करावेत, हा आग्रह सुताराने धरला आणि तो शंभर टक्के योग्य होता, कारण गादी-तक्के न हलवता आतली रजई काढता येते. त्याने पुढची कड रंध्याने गोल करून घेतली, त्यावरून हात फिरवला की कुठेही कोपरा बोचत नाही. एवढ्याशा जागेत ये-जा करताना गुडघा नेमका तिथेच लागतो, म्हणून ही गोलाई मला नक्षीपेक्षा मोलाची वाटते.

गादीसाठी ४० घनतेचा फोम घेतला. दुकानांत साधारण ३२ घनतेचा दाखवतात, तो हाताला अधिक मऊ लागतो आणि स्वस्तही पडतो. परंतु दिवसभर बसणे आणि रात्री पाहुण्यांचे झोपणे अशा दुहेरी वापराला घट्ट फोमच टिकतो. आमच्या गादीला अजून खळगा पडलेला नाही. अभ्र्यांचे जाड सुती कापड गांधीबागेच्या कापडबाजारातून घेतले, दोन जोड शिवून घेतले आणि ते घरच्या मशीनमध्ये धुतले जातात.

याउलट कोपऱ्यातले तयार टेबल निराशाजनक निघाले. फरशी पुसताना रोज ज्या पायाला ओले फडके लागते, तिथली पट्टी श्रावणातच सुटली आणि आतला भुसा फुगून बाहेर आला. विक्रेत्याने पाण्याचे नुकसान हमीत बसत नाही एवढेच उत्तर दिले. फरशीला टेकणारे काहीही घेताना त्याचे पाय भरीव लाकडाचे किंवा लोखंडाचे आहेत ना, हे वाकून पाहावे.

या मांडणीची खरी कसोटी भाद्रपदात लागली. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, तीन दिवस हॉल त्यांचा असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला पंगती बसतात. पूर्वी त्यासाठी सोफा शेजाऱ्यांच्या छपरीत नेऊन ठेवावा लागे. यंदा बांबूचे दोन मोडे (बसायची बुटकी आसने) आणि एकात एक बसणारी छोटी टेबले तेवढी बाल्कनीत गेली, दिवाण जागचा हलला नाही आणि पूर्वेच्या भिंतीशी आरास मांडूनही सहा पाने सहज मांडता आली. मुखवटे, स्टँड आणि मखराचे सामान वर्षभर ज्या खणांत असते, त्यांतच त्या दिवसांत घडी केलेल्या सतरंज्या जाऊन बसल्या. लहान घरात सणाला जागा पुरणे हे मी कोणत्याही सजावटीपेक्षा वर धरते.

उजेडाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. आपल्याकडे चैत्रापासूनच दुपारी पश्चिमेचे पडदे ओढून घ्यावे लागतात, म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने हॉलमध्ये भरदिवसा दिवा लागतो. अशा वेळी छताची पांढरीशुभ्र, ६५०० केल्विनची ट्यूब खोलीला दवाखान्याची कळा आणते. आम्ही ती साफसफाईपुरती ठेवली आणि बसण्यासाठी २७०० केल्विनचे दोन दिवे घेतले, एक दिवाणाच्या डोक्याशी भिंतीवर आणि दुसरा पुस्तकांच्या फळीखाली. पिवळसर उजेड भिंतीवरून परतून येतो, डोळ्यांत घुसत नाही आणि कोपरे थोडे अंधारलेले राहिल्याने खोलीच्या सीमा चटकन जाणवत नाहीत. मुलीच्या अभ्यासाला मात्र तो अपुरा पडतो, तिच्यासाठी टेबलावर वेगळा पांढरा दिवा आहे. पडदे दुहेरी आहेत, आत पांढरी मलमल आणि बाहेरून अस्तराचे जाड कापड. दांडी खिडकीच्या चौकटीवर न लावता छताजवळ लावली आणि पडदे जमिनीपर्यंत सोडले, त्यामुळे साडेनऊ फुटांची भिंत प्रत्यक्षाहून उंच वाटते. फॉल्स सीलिंग टाळले, त्यातले पाच-सहा इंच गमावणे या खोलीला परवडले नसते.

भिंती फिकट सायीच्या रंगाच्या, एकच भिंत गेरूच्या छटेची. त्या भिंतीवर दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातल्या हस्तकला मेळ्यात घेतलेले एक मोठे गोंड चित्र आहे, आणखी काही नाही. बारीकसारीक फ्रेम्सची गर्दी लहान भिंतीला लहानच करते, एक मोठे चित्र तिला स्थैर्य देते. ठिपक्या-ठिपक्यांनी भरलेले ते हरीण संध्याकाळच्या दिव्यात फार सुंदर दिसते आणि येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यापाशी थांबतो.

आता उणिवा. सोळा इंचांची बैठक सासूबाईंच्या गुडघ्यांना मानवत नाही. त्यांच्यासाठी १८ इंच उंचीची हातांची खुर्ची हवेच्या पट्ट्याबाहेर ठेवली आहे. घरात वडीलधारी माणसे असतील तर ही सोय पहिल्याच आराखड्यात धरावी. मलमलीचे पडदे उन्हाळी वावटळींत लवकर मळतात आणि हंगामात दर पंधरवड्याला धुवावे लागतात. आषाढ-श्रावणात हवाच दमट असल्याने कुलरचा उपयोग संपतो, नुसत्या पंख्यावर दुपार उकाड्याची जाते आणि त्यावर या मांडणीकडे काही उत्तर नाही. वाळ्याच्या ताट्यांचा सुगंध मेच्या मध्यापर्यंत ओसरला आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर त्यांवर चढला. पुढच्या हंगामात कुलरला नळाचे पाणी देऊन ताट्या एकदा मध्येच बदलणार आहे, आणि फुगलेल्या टेबलाच्या जागी त्याच सुताराकडून दिवाणाच्या उरलेल्या सागाचे लहानसे स्टूल करून घेणार आहे.