मॉरिशसच्या गोल्फ पॅकेजमध्ये आमचे ४,८९,२०० रुपये गेले

गोल्फ हॉलिडेच्या नावाखाली पुण्यातल्या एका टूर एजंटाने आम्हा चौघांचे ४,८९,२०० रुपये खाल्ले. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण पोलिसांपासून पाहुण्यांपर्यंत प्रत्येकाने तो "चार-पाच लाख" असा मोघम करून टाकला. एकूण दिले ६,७४,०००. त्यातली मुंबई-मॉरिशसची चार तिकिटं तेवढी खरी निघाली, ती १,८४,८०० ची. बाकी सगळं बुडालं. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे म्हणून त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, नाहीतर ठळक अक्षरात लिहिलं असतं.

आम्ही काही मोबाइलवर जाहिरात दिसली आणि पैसे टाकले अशातले नाही. येरवड्याच्या कोर्सवर शनिवारी सकाळी खेळणारा आमचा जुना ग्रुप आहे. त्यातल्या काही जणांना याच माणसाने आदल्या वर्षी थायलंडला नेलं होतं आणि सगळे खूश होऊन परतले होते. त्याला खेळातलं कळत होतं. हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा) किती, सीनियर टीवरून, म्हणजे ज्येष्ठांसाठी थोडं पुढे असलेल्या जागेवरून खेळणार का, दोघांत एक बगी (कोर्सवरची छोटी गाडी) चालेल का, असे प्रश्न तो स्वतःहून विचारायचा. पूर्व किनाऱ्याजवळच्या इल ओ सर्फ बेटावरचा अठरा होलचा कोर्स जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरने आखलाय, तिथे बोटीनेच जावं लागतं, बॉल जास्त घ्या, समुद्रात जातात, हे सगळं त्याने सांगितलं आणि ते खरंच आहे. "काका, तिकडे आपली मराठी माणसं आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते," हेही खरं. दहा गोष्टी खऱ्या सांगणाऱ्या माणसाच्या अकराव्या गोष्टीवर संशय कोण घेतो?

मॉरिशसला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे त्याने सोय म्हणून सांगितलं. आता वाटतं, त्याची खरी सोय तिथेच होती. युरोपला जायचं तर हॉटेलच्या बुकिंगचे कागद निघण्याआधी वकिलातीत द्यावे लागतात, कुणीतरी तिसरा ते बघतो. इथे असं कुणीच नव्हतं. बिनाव्हिसाचं पॅकेज घेत असाल तर तो तिसरा माणूस तुम्हीच व्हा. निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला स्वतः फोन करा. नंबर हॉटेलच्या वेबसाइटवरून घ्या, एजंटाने दिलेला नको.

माणशी १,६८,५०० असा भाव ठरला: दोन खोल्या, पाच रात्री, माझ्या आणि माझ्या मित्राच्या तीन-तीन राउंड, जाण्यायेण्याची गाडी. बुकिंगला ५०,००० दिले, गणपतीनंतर ३,२४,००० आणि दसऱ्याला ३,००,०००. मी टीसीएसचं, म्हणजे विकणारा गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला भरतो त्या कराचं विचारलं होतं. होय, विचारलं होतं! परदेशी टूर पॅकेजवर विकणाऱ्याने तो घ्यायचाच असतो. त्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, सात लाखांपर्यंत पाच टक्के होता, म्हणजे आमच्या पॅकेजवर ३३,७००. तो म्हणाला, "काका, ते मी माझ्याकडून अ‍ॅडजस्ट करतो, तुमचे तेवढे वाचतील." मला वाटलं, ओळखीतला आहे म्हणून सूट देतोय. वास्तविक टीसीएस घेऊन भरला असता तर माझ्या पॅनवर, फॉर्म २६एएस या करनोंदींच्या उताऱ्यात त्याची नोंद दिसली असती आणि त्याने पॅकेज विकल्याचा पुरावा सरकारदरबारी राहिला असता. ते पैसे रिटर्न भरताना मला परतही मिळाले असते, म्हणजे मुळात वाचत काहीच नव्हतं. जो एजंट टीसीएस वाचवून देतो म्हणतो, त्याच्या ऑफिसातून तिथल्या तिथे उठा.

शेवटचे तीन लाख फर्मच्या खात्यात न मागता एका बाईच्या बचत खात्यात मागितले. "फर्मच्या खात्याचं ऑडिट चालू आहे." तिकिटांचे पीएनआर तोवर आले होते, मी ते विमान कंपनीच्या साइटवर तपासले होते, सीट नंबरसुद्धा दिसत होते. मग भरले.

पण ज्या गोष्टीने मला आजही झोप लागत नाही ती वेगळीच आहे. हॉटेलचं कन्फर्मेशन त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, पीडीएफ नाही, स्क्रीनशॉट. वर हॉटेलचं नाव, आमची चौघांची नावं, तारखा, बुकिंग नंबर, खाली एकूण रक्कम. त्या रकमेच्या खाली आणखी एक ओळ होती. तिची अक्षरं मधोमध कापलेली होती, फक्त वरचे अर्धे भाग दिसत होते. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला होता, नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का ते बघायला. ती कापलेली ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. पस्तीस वर्षं भोसरीत क्वालिटी विभागात काढली, ड्रॉइंगची एक रेघ कमी असेल तर माल परत पाठवायचो, आणि इथे अख्खी ओळ कापलेली असताना "पूर्ण कागद पाठव" एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. पूर्ण पीडीएफ मागा, देत नसेल तर पैसे देऊ नका.

ती ओळ नोव्हेंबरमध्ये हॉटेलच्या रिसेप्शनवर वाचायला मिळाली. "रक्कम हॉटेलवर भरायची, दोन दिवस आधीपर्यंत रद्द करणं मोफत." आणि बुकिंग बरोबर दोन दिवस आधी रद्द झालं होतं. आम्ही पुण्यात बॅगा भरत होतो तेव्हा त्याने ते बटण दाबलं. विमानतळावर इमिग्रेशनच्या माणसाने तोच रद्द झालेला कागद बघून शिक्का मारला होता. संध्याकाळ झालेली, वहिनींचा गुडघा सुजलेला, आमची ही काउंटरपाशी बॅगेवर बसून राहिली. एजंटाचा फोन बंद. शेवटी कार्डावर ३,१२,४६० भरून दोन खोल्या घेतल्या. हे पैसे वरच्या ४,८९,२०० मध्ये धरलेले नाहीत.

गोल्फचंही तेच. बोटीने बेटावर गेलो तर स्टार्टरच्या, म्हणजे खेळाडूंना वेळेनुसार सोडणाऱ्या माणसाच्या यादीत आमची नावं होती, वेळही तीच होती. टी टाइम (खेळ सुरू करायची राखलेली वेळ) खरा, फक्त ग्रीन फीचा, म्हणजे कोर्सवर खेळायच्या शुल्काचा एक पैसा भरलेला नव्हता. तिथल्या लोकांचा काही दोष नाही, ते सभ्यपणे वागले. दोघांचे ३८,७०० भरून एक राउंड खेळलो, उरलेल्या दोन सोडल्या. एवढा सुंदर कोर्स, तीन बाजूंनी पाणी, आणि मी प्रत्येक होलवर मनात हिशेब करत होतो.

परत आल्यावरचा छळ मात्र त्याहून मोठा. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो, म्हणाले एजंटाचं ऑफिस त्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे गेलो, म्हणाले पैसे तुमच्या घरून ट्रान्सफर झाले, तुमच्या ठाण्यात जा. तिसरा साहेब म्हणाला, हॉटेल मॉरिशसला, गुन्हा मॉरिशसला घडला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी असं स्पष्ट आहे. ते कलम छापून नेलं तर "आम्हाला कायदा शिकवता का?" एकाने तर विचारलं, "फिरून आलात ना? गोल्फपण खेळलात ना? मग फसवणूक कसली?" साठी ओलांडलेल्या माणसाने स्वतःच्या कष्टाच्या पैशांनी सुट्टीवर जायचं ठरवलं हाच जणू गुन्हा. गोल्फ म्हटलं की लोकांना वाटतं यांच्याकडे पोत्याने पैसा आहे, गेला तर गेला. माझा प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा आहे तो! शेवटी एफआयआर नाहीच, "अर्ज चौकशीवर ठेवला" असा शिक्का मारून दिला. चौकशी म्हणजे काय, तर एजंटाला फोन करून बोलावलं, तो आला, "महिन्याभरात देतो" म्हणाला आणि गेला. यांनी त्याला चहा पाजला. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मला कुणी पाणी विचारलं नाही.

बँकेत वेगळंच. "ट्रान्सफर तुम्हीच केलीत, ओटीपी तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?" कार्डाने दिले असते तर निदान चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण ती सोय पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तरच उपयोगी पडते. आमच्या पैशांना महिना उलटून गेला होता. शंका आली त्या क्षणी १९३० ला फोन करा, आधी एजंटाशी वाद घालत बसू नका.

ग्राहक आयोगात वकिलाशिवायही तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांत असल्याने फी फक्त २०० रुपये लागली. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एजंट कुठेही पळाला तरी. मुदत दोन वर्षांची आहे, "देतो देतो" ऐकत ती घालवू नका. तारखा मात्र पुढे पुढे जातायत, मागच्या तारखेला समोरच्याचा वकीलच आला नाही.

या माणसाने आणखी काही कुटुंबांना असंच पाठवलंय, हे आता कळलंय. त्यांच्यातले काही लाजेने गप्प आहेत, घरातसुद्धा सांगितलेलं नाही. त्यांना सांगतो, एकाच एजंटाने फसवलेल्या लोकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. बँकेचं स्टेटमेंट, त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि ते कापलेले स्क्रीनशॉट काहीही डिलीट करू नका, आणि शनिवारी सकाळी येरवड्याला येऊन मला भेटा.