एक स्पेलिंग, अनेक घराणी : स्कीट यांचा इंग्रजी व्युत्पत्तिकोश

वॉल्टर विल्यम स्कीट यांचा इंग्रजी भाषेचा संक्षिप्त व्युत्पत्तिकोश इंग्रजी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या हाताशी असावा, असे माझे ठाम मत आहे. केंब्रिज विद्यापीठात जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या स्कीट यांनी हा कोश प्रथम १८८२ साली काढला आणि १९०१ साली तो नव्याने लिहून, नव्याने मांडून पुन्हा प्रसिद्ध केला. माझ्याकडे आहे ती ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसची, कापडी बांधणीची, या नव्या मांडणीची प्रत. इंदूरच्या खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात, गाइडे आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या थप्पीखाली ती पडलेली होती आणि दुकानदाराने ती फारशी घासाघीस न करता दिली.

कोश कसा आहे हे त्याच्या प्रस्तावनेवरून कळत नाही. त्यासाठी एखादा छोटा, रोजचा शब्द घेऊन त्याची कसोटी पाहावी लागते. मी एम-ओ-एल-ई, म्हणजे ‘मोल’ हा शब्द घेतला. इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या शिकवण्यांमधून शब्द आणि अर्थ यांच्या जोड्या पाठ करून आलेल्या मुलांना या शब्दाचे दोन-तीन अर्थ सहसा ठाऊक असतात, आणि स्पेलिंग एकच असल्यामुळे तो शब्दही एकच असणार, असे ती धरून चालतात. मग अर्थांना जोडणारी एक गोष्ट तयार होते : जमिनीखाली राहणारा तो काळसर प्राणी म्हणजे मोल, आणि त्याच्यासारखाच काळा ठिपका म्हणून अंगावरचा तीळ हाही मोल. गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे, परंतु ती साफ खोटी आहे, आणि ती खोटी का आहे हे स्कीट यांच्या कोशात मोजक्या ओळींत सापडते.

या कोशात ‘मोल’ची एक नोंद नसून क्रमांक घातलेल्या तीन स्वतंत्र नोंदी आहेत. अंगावरच्या तिळाचा मोल हा जुन्या इंग्रजीतल्या, दीर्घ ‘आ’ असलेल्या ‘माल’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ डाग किंवा ठिपका. जुन्या इंग्रजीतला हा दीर्घ ‘आ’ पुढे नियमाने ‘ओ’कडे वळला. ‘स्तान’चा ‘स्टोन’ झाला, ‘हाम’चा ‘होम’ झाला, ‘बान’चा ‘बोन’ झाला आणि त्याच वाटेने ‘माल’चा ‘मोल’ झाला. हा एक नियम मुलांना फळ्यावर लिहून दाखवला, की व्युत्पत्ती म्हणजे मनाला येईल तसे शब्दांचे साम्य जुळवणे नव्हे, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. कपड्यावर पडणाऱ्या गंजाच्या डागाला इंग्रजीत ‘आयर्न-मोल्ड’ म्हणतात, त्यातला ‘मोल्ड’ही मुळात हाच डागवाचक मोल आहे, बुरशीशी त्याचा काही संबंध नाही.

प्राण्याच्या नावाचे मूळ पूर्णपणे निराळे आहे. त्याचे जुने, पूर्ण नाव ‘मोल्डवार्प’ असे होते. त्यातला ‘मोल्ड’ म्हणजे माती आणि दुसरा भाग म्हणजे फेकणे. अर्थात माती उपसून वर फेकणारा, तो मोल्डवार्प. पुढे बहुधा नावाचा उत्तरार्ध गळाला आणि केवळ मातीच उरली. जर्मन भाषेत याच प्राण्याला ‘माउलवुर्फ’ म्हणतात. तिथे फेकण्याचा अर्थ टिकला, पण पूर्वार्धातली माती लोक विसरले आणि त्या जागी तोंड या अर्थाचा ‘माउल’ येऊन बसला. आपल्याकडे या नोंदीचे मोल विशेष आहे, कारण हा प्राणी माळव्यात नाही. मराठीत त्याच्यासाठी चिचुंद्री हा शब्द चालवला जातो, पण चिचुंद्री हा वेगळा प्राणी असून ती घरात भिंतीच्या कडेने पळते, तर मोल फावड्यासारख्या पुढच्या पायांनी जमिनीखाली बोगदे खणतो आणि मातीचे ढीग वर काढतो. प्रतिशब्दाने जे चित्र उभे राहत नाही, ते या जुन्या नावाने राहते. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच अंकात स्वभावातल्या डागाचा मोल आणि जमीन पोखरणारा मोल असे दोन्ही शब्द येतात, आणि बी. ए.च्या विद्यार्थ्यांना तो अंक शिकवण्यापूर्वी या दोन नोंदी वाचून दाखवाव्यात, असे मला मनापासून वाटते.

तिसरा मोल म्हणजे समुद्राच्या लाटा अडवण्यासाठी बंदरात बांधलेला दगडी बांध. १९४० साली डंकर्कहून जे ३,३८,००० हून अधिक सैनिक सुटले, त्यांपैकी बहुसंख्य किनाऱ्यावरून नव्हे तर बंदरातून, मुख्यतः तिथल्या पूर्वेकडच्या मोलवरून, जहाजांत चढले. हा शब्द फ्रेंचमधून आला, फ्रेंचने तो इटालियनकडून घेतला आणि त्याच्या मुळाशी प्रचंड राशी या अर्थाचा लॅटिन ‘मोलेस’ आहे. नोंदीच्या सुरुवातीलाच कंसात भाषांच्या आद्याक्षरांनी हा प्रवास दिलेला असतो, आणि तो जवळच्या भाषेकडून दूरच्या भाषेकडे असा मागे मागे वाचायचा असतो, एवढे ध्यानात ठेवले की कोश सहज वाचता येतो. याच ‘मोलेस’पासून ‘डिमॉलिश’ निघाला, म्हणजे रचलेली रास पाडणे, आणि त्याच्याच लघुत्वदर्शक रूपातून ‘मॉलिक्यूल’ निघाला, म्हणजे चिमुकली रास.

या ठिकाणी स्कीट थांबतात, आणि शब्द मात्र त्यांच्यापुढे गेला आहे. अकरावीच्या रसायनशास्त्रात भेटणारा मोल या कोशात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी रेणूवाचक जर्मन शब्दातून तो घडवला. १९७१ साली त्याला आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत मूलभूत एककाचे स्थान मिळाले आणि २० मे २०१९ पासून एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, अशी त्याची व्याख्या झाली. प्रचंड राशीतून चिमुकली रास निघाली आणि त्या चिमुकल्या राशींचीच पुन्हा एक अफाट रास मोजण्यासाठी त्या शब्दाचा तुकडा कामी आला. बंदरातला बांध आणि प्रयोगशाळेतले एकक हे अशा रीतीने एकाच कुळातले ठरतात, तर जमीन पोखरणारा प्राणी आणि तीळ हे दिसायला जवळचे असूनही परके ठरतात. मला या शब्दाच्या इतिहासात याहून सुंदर काही दिसत नाही.

शत्रूच्या गोटात वर्षानुवर्षे दबा धरून बसलेल्या हेरालाही मोल म्हणतात. हा अर्थ १९७४ सालच्या एका गाजलेल्या हेरकथेने घरोघरी नेला, आणि तो अर्थातच जमिनीखालच्या प्राण्यावरून आला असल्याने त्याला नवी नोंद लागत नाही. मेक्सिकोतल्या दाट मसालेदार रश्श्याला ‘मोले’ म्हणतात. स्पेलिंग तेच, पण शब्द तिथल्या नाव्हाट्ल भाषेतला, ‘मोल्ली’ म्हणजे रस्सा किंवा सॉस. ‘ग्वाकामोले’ या पदार्थाच्या नावाचे शेपूटही तेच. अशा अलीकडच्या अर्थांसाठी डग्लस हार्पर यांचे इंग्रजी व्युत्पत्तीचे संकेतस्थळ पाहावे. ते विनामूल्य आहे आणि एखादा अर्थ इंग्रजीत साधारण केव्हा रूढ झाला तेही सांगते. दोन्हींपैकी एकच ठेवायचे असेल, तर मी तरीही छापील स्कीट ठेवीन, कारण शब्दाचे रूप का बदलले याची शिस्त त्यांच्या नोंदींतून जशी अंगवळणी पडते, तशी पडद्यावरच्या उताऱ्यांतून पडत नाही.

अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. टाइप बारीक आहे, संक्षेप पुष्कळ आहेत आणि ग्रीक शब्द ग्रीक लिपीतच छापलेले आहेत. इंडो-युरोपीय मूळधातूंना स्कीट त्या काळच्या प्रथेप्रमाणे ‘इंडो-जर्मानिक’ धातू म्हणतात, आणि त्यांनी दिलेल्या काही व्युत्पत्ती नंतरच्या संशोधनाने मागे पडल्या आहेत. उलट, मराठी वाचकाला एक लाभ इंग्रजांपेक्षाही अधिक होतो : नोंदींमध्ये जागोजागी संस्कृतातली सगोत्र रूपे दिलेली आहेत आणि आपल्यापैकी अनेकांना ती ओळखीची असतात. शिवाय क्रमांकाने शब्द वेगळे करण्याची ही पद्धत आपल्या भाषेलाही तितकीच लागू पडते, कारण नदीचे तीर संस्कृतातून आलेले आणि धनुष्याचा तीर फारसीतून. ज्यांच्या कपाटात कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आहे, त्यांनी स्कीट त्याच्या शेजारी ठेवून पाहावा.

खरेदी करताना प्रत उघडून एक गोष्ट अवश्य तपासावी. जुन्या मांडणीत साधित शब्द त्यांच्या मूळ शब्दाखाली दिलेले होते, त्यामुळे नवख्या वाचकाला हवा तो शब्द पटकन सापडत नाही. १९०१ च्या मांडणीत सर्व नोंदी सरळ वर्णानुक्रमाने येतात, म्हणून तीच घ्यावी. वर्ड्‌स्वर्थ प्रकाशनाने १९९३ साली काढलेली कागदी बांधणीची आवृत्ती वजनाला हलकी असून जुन्या बाजारात अधूनमधून दिसते. तीही मिळाली नाही, तर इंटरनेट अर्काइव्हवर या कोशाच्या जुन्या आवृत्त्या पानोपानी वाचायला उपलब्ध आहेत, आणि वर्गात एखादी नोंद मुलांना दाखवायची असेल तर तेवढ्याने काम भागते.