उद्योजक मोजायचे कशाने, पैसे लावायचे कशावर? सोलापूरपुरती एक तुलना

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांकडे पाचेक लाखांचा फंड जमलाय. तो 'सोलापुरात उद्योजक वाढावेत' म्हणून वापरायचा, हे एकमताने ठरलं. पुढे मात्र गाडी दोन प्रश्नांवर अडली. पैसे लावायचे कशावर? आणि दोन वर्षांनी ते कामी आले की वाया गेले, हे कळणार कसं? मी कर सल्लागार. जीएसटी, उद्यम, बँकेचे प्रोजेक्ट रिपोर्ट यातच माझा दिवस जातो, म्हणून लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुण्या-मुंबईला काय चालतं ते बाजूला ठेवतो. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख भरलेल्या आपल्या गावाला काय लागू पडतं, तेवढंच बघू.

आधी मोजपट्ट्या. पट्टी चुकली की पैसेही चुकीच्या दारात जातात.

उद्यम नोंदणीचा आकडा

सगळ्यांच्या तोंडी पहिला हाच येतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची ही सरकारी नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. फुकट आहे, आधार-पॅनवर होते, आपण सांगू ते खरं धरलं जातं. जिल्ह्याचा आकडा सहज मिळतो, त्यामुळे भाषणांत तोच ऐकू येतो. पण हा आकडा चढतच राहतो. नूतनीकरण करावं लागत नाही, आणि धंदा बसला म्हणून नोंद रद्द करायला कोणी येत नाही. माझ्याकडे एका यंत्रमागाच्या शेडवर तीन भावांची तीन उद्यम आहेत, कारण बँकेत फायली तीन. शिवाय जुलै २०२१ पासून कर्जाच्या सोयीसाठी व्यापाऱ्यांनाही त्यात घेतलं. म्हणजे नवी पेठेतलं साडीचं दुकान आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना एकाच बेरजेत.

यातली गंमत सांगतो. १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झालं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकते केले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. छोट्यांच्या भल्याचंच कलम. पण चादरीच्या धंद्यात तीन-तीन महिन्यांची उधारी चालते. मार्च २०२४ मध्ये माझा एक चादरवाला अशील फोन हातात घेऊनच ऑफिसात आला. बाहेरगावच्या पार्टीचा निरोप होता, उद्यम काढून टाका, नाहीतर पुढचा माल पाठवू नका. मी समजावलं, त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "साहेब, कायदा बरोबर आहे हो, पण गिऱ्हाईक एकच आहे." इतक्या वर्षांत मी रद्द केलेली उद्यम नोंदणी ही एकच, आणि तीही चालत्या कारखान्याची. बंद पडलेले सगळे यादीत अजून सुखरूप आहेत.

कंपन्या आणि स्टार्टअप

जागतिक बँक देशोदेशींची तुलना करताना १५ ते ६४ वयाच्या दर हजार माणसांमागे वर्षात किती नव्या मर्यादित कंपन्या नोंदल्या गेल्या ते बघते. देशासाठी ठीक असेल. सोलापूरला ही पट्टी लावली तर गाव रिकामंच दिसेल, कारण इथला धंदा प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकट्या मालकाच्या नावावर चालतो, फार तर भागीदारीत. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या स्टार्टअप इंडिया या केंद्राच्या योजनेची मान्यता तर प्रोप्रायटरला मिळतच नाही. ज्या पोरांना गुंतवणूकदार हवा असतो, त्यातले बरेच जण नोंदणीचा पत्ताच पुण्याचा टाकतात. आणि बालाजी अमाइन्स (१९८८) आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स (१९९२) या इथे उभ्या राहून शेअर बाजारापर्यंत पोचलेल्या कंपन्या या मोजणीत किती भरतील? दोन. कागदावरच काढून ठेवलेल्या दोन कंपन्याही दोनच. ही पट्टी आपल्या कामाची नाही, पुढे जाऊ.

जीएसटी

मला त्यातल्या त्यात आवडणारा सरकारी कागद हा. इथे जन्म कळतो तसा मृत्यूही कळतो. रिटर्न भरायचे थांबले की नंबर रद्द होतो. भोक एकच, पण मोठं आहे: माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही. जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेलं काम, सेवेत मोडतं. म्हणजे आपल्या गणवेशाच्या आणि यंत्रमागाच्या धंद्याचा पायाच या कागदावर उमटत नाही. शहरापुरता आकडाही आयता छापून येत नाही. पण आपल्यात आठ-दहा कर सल्लागार आहेत. नावं न सांगता 'यंदा किती नवे, किती रद्द' एवढं प्रत्येकाने दिलं तरी वाऱ्याची दिशा कळेल.

दारोदार जाऊन विचारणं

ग्लोबल आंत्रप्रेन्योरशिप मॉनिटर नावाची पाहणी १९९९ पासून जगभर चालते. १८ ते ६४ वयाच्या माणसांना थेट विचारतात की धंदा उभा करताय का, किंवा सुरू करून साडेतीन वर्षांच्या आत आहात का. अशांची टक्केवारी काढतात. कागदावर नसलेला माणूस यात सापडतो, हा तिचा मोठा गुण. आपल्यासारख्यांनी हीच रीत उचलावी असं मला वाटतं, पण प्रश्न जसेच्या तसे उचलू नयेत.

का ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पोरांबरोबर विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत फिरलो. एका घरी समोरच्या खोलीत दोन शिलाई मशीन. सकाळीच मोटारसायकलवरून कोणीतरी कटिंगचे गठ्ठे टाकून गेला होता, पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी, सुतळीने बांधलेल्या. पोराने फॉर्म काढून विचारलं, "तुम्ही व्यवसाय करता का?" ताई मशीन न थांबवता म्हणाल्या, "नाही हो, मी घरीच असते." पोराने 'नाही' वर टिक केली. मला राहवलं नाही. मशीन कोणाचं? माझं, हप्ता चालू आहे. दोरा, सुई? माझाच. कॉलर बिघडली तर? पैसे कापतात. काम नाही आलं तर? मग बिड्या आहेतच.

भांडवल यांचं, जोखीम यांची, आणि फॉर्मवर 'नाही'. फॉर्म मराठीत, घरची भाषा तेलुगू, हाही भाग होताच. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत विचारायला जाणार असाल तर तेलुगू बोलणारं पोर बरोबर हवंच, आणि काही गल्ल्यांत कन्नड आणि उर्दूही.

मग आपली पट्टी कोणती?

इथे थोडं आडवळण घेतो. बेंजामिन चिनिट्झ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये न्यूयॉर्क आणि पिट्सबर्गची तुलना केली होती. पिट्सबर्ग पोलादाचं गाव, मोठमोठ्या कंपन्यांचं. लागेल ते सगळं कंपनी आतच करून घ्यायची, बँकांनाही मोठ्याच खात्यांची सवय, आणि पगारदाराच्या घरी पोराच्या कानावर धंद्याची भाषा पडायची नाही. न्यूयॉर्कला कपडे शिवणारे छोटे छोटे कारखाने. त्यांना माल, जागा, उधारी पुरवणारेही छोटेच, त्यामुळे नव्या माणसाला कुठून तरी पाय ठेवायला फट मिळायची. सोलापूरच्या पोटात ही दोन्ही गावं आहेत. १८७० च्या दशकात उभी राहिलेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या म्हणजे आपलं पिट्सबर्ग, ते एकेक करून बंद पडलं. पूर्व भागातले माग, नंतरचे यंत्रमाग आणि आताची गणवेशाची शिलाई हे आपलं न्यूयॉर्क, आणि ते अजून चालू आहे. तेव्हा 'किती नवे सुरू झाले' यापेक्षा 'छोट्याला पाय ठेवायला फट आहे का' हे मोजलेलं बरं.

माझी सूचना अशी. एकदाच तीनशे घरं-शेड निवडायची आणि दर वर्षी त्याच तीनशेंकडे जायचं. तीनच प्रश्न. चालू आहे का? घरच्याखेरीज पगार घेणारा कोणी आहे का? काम देणारी पार्टी एकच की दोन? तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. माझ्या चादरवाल्याकडे दुसरं गिऱ्हाईक असतं तर त्याने नोंदणी रद्द केली नसती.

आता पैसे कशावर

बैठकीत चार पर्याय निघाले.

बिझनेस प्लॅनची स्पर्धा आणि बसायला एखादी को-वर्किंग जागा, हा तरुण मंडळींचा आवडता. माझं मत स्पष्ट आहे, नको. विद्यापीठाचं इनक्युबेशन सेंटर आहे. ज्या पोराला टेबल, इंटरनेट आणि मार्गदर्शक हवा, त्याला तिकडे पाठवावं. स्पर्धेतून फोटो मिळतात आणि पहिला नंबर बहुधा पुण्याला जातो.

दुसरा, सरकारी अनुदानाच्या फायली करून देणं. यात तथ्य आहे. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत उत्पादनाला ५० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंत प्रकल्प बसतो, अनुदान वर्ग आणि जागा बघून १५ ते ३५ टक्के. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही जिल्हा उद्योग केंद्रातून चालतो. लोकांना वाटतं अनुदान हातात पडतं. तसं नसतं. पीएमईजीपीची रक्कम बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकते, युनिट चालू असल्याची पाहणी झाली की मग कर्जात वळती होते. हे सांगणारं कोणी नसल्याने दुसऱ्या वर्षी हप्ता थकतो आणि माणूस बँकेला तोंड दाखवत नाही. आपण फाइल करून द्यावी, पण त्याला फंड कशाला? आम्ही चार जण महिन्यातला एक शनिवार देऊ. आणि एक लक्षात घ्या, या योजनेतून मुख्यतः मशीन येतं. मी कापडाने झाकून ठेवलेली मशीनं बरीच पाहिलीत. तिथे अडचण मशीनची नव्हती.

तिसरा, सामायिक सुविधा. डाइंग (रंगाई), कॉलर फ्यूजिंग (कॉलरीत अस्तर चिकटवणं), भरतकाम अशी एकट्याला न परवडणारी यंत्रं दहा-वीस जणांनी मिळून वापरायची. तत्त्वाने हा सगळ्यात भारी पर्याय, फट पाडणारा तो हाच. एकाच धंद्यातल्या गटासाठी असलेल्या क्लस्टर योजनेत त्याला सरकारी पैसाही मिळतो. पण पाच लाखांचा हा घास नव्हे. डाइंगला पाणी लागतं, आणि चार-पाच दिवसांआड नळ येण्याची वर्षं ज्या गावाने काढली तिथे पाण्याचा शब्द कोण देणार? एखादं फ्यूजिंग मशीन घेऊन भाड्याने द्यायचं म्हटलं, तर लाइट बिल आणि दुरुस्तीवरून सहा महिन्यांत भांडण, हे मी लिहून देतो. महापालिकेने किंवा मोठ्या असोसिएशनने मात्र दुसरं काही न बघता यातच उतरावं.

चौथा, दुसरं गिऱ्हाईक मिळवून देणं. माझं मत याला. २०१७ मध्ये सोलापुरात गणवेशाचं प्रदर्शन सुरू झालं तेव्हापासून बाहेरच्या खरेदीदाराला कळलं की हे गाव चादरीपलीकडेही काही करतं. अशा ठिकाणी छोट्या जॉबवर्करला एकट्याने स्टॉल परवडत नाही. आठ-दहा जणांचा मिळून एक स्टॉल, प्रत्येकाचे नमुने नीट शिवून, दराचा कागद छापून, शेजारी हिंदी-तेलुगू बोलणारा एक जण. खर्च आपल्या फंडात बसतो आणि निकाल तिसऱ्या प्रश्नात लगेच दिसतो.

याला जोडून कोणीतरी सुचवलं की ऑर्डर मिळाली की सुतासाठी, कापडासाठी आपणच पैसे वापरायला देऊ. थांबा. संस्थेने व्याजाने पैसे द्यायला सुरुवात केली की महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आडवा येतो. त्यापेक्षा फंडातले दोन लाख सहकारी बँकेत ठेवावेत आणि त्या ठेवीच्या तारणावर बँकेने ऑर्डर बघून छोटी कर्जं द्यावीत. बुडालं तर आपली ठेव जाईल, पण हिशेब बँकेचा आणि वसुलीची कटकटही बँकेची. बँकेशी बोलावं लागेल, आणि पहिल्या वर्षी हे करू नये. आधी स्टॉल.

एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट राहिली: मोजायला कधी जायचं. गणवेशाचा सीझन जूनच्या शाळेआधीचा. एप्रिल-मेमध्ये गेलात तर पूर्व भागातलं प्रत्येक मशीन चालू दिसेल आणि शेजारणीसुद्धा कामाला बसलेल्या दिसतील. दिवाळी उरकल्यावर, जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधी जावं. गेल्या वर्षी त्याच सुमाराला त्या ताईंच्या गल्लीतून जात होतो, दार उघडं होतं म्हणून डोकावलो. एका मशीनवर त्या स्वतः शेजारच्या मुलाची पँट आखूड करत होत्या, दुसऱ्यावर धुतलेल्या कपड्यांची चळत. तीनशेच्या यादीत पहिलं घर तेच धरा. चालू: हो. पगारी माणूस: नाही. पार्टी: एक.