नागदेवीचा माल की स्वतःची आयात?

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपना कार्बाइड इन्सर्ट (धातू कापणारी, बदलता येणारी छोटी पाती), ड्रिल आणि चक (मशीनवर वस्तू पकडणारे जबडे) पुरवण्याचा धंदा बेळगावात बसून सुरू करायचा, तर माल मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरील आयातदाराकडून उचलावा की चीन-तैवानहून स्वतः मागवावा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. मी दोन्ही मार्गांनी माल आणला आहे.

नागदेवीची सोय नाकारण्यात अर्थ नाही. फोनवर ऑर्डर दिली की ट्रान्सपोर्टने माल येतो, ओळख झाल्यावर उधारी मिळते आणि पाच-दहा नगही घेता येतात. आयातीत बहुधा ३० टक्के रक्कम आगाऊ आणि बाकीची माल निघण्यापूर्वी द्यावी लागते. आयजीएसटी (परराज्यातून किंवा परदेशातून आलेल्या मालावरचा जीएसटी) दोन्हीकडे लागतो व आपण भरायच्या जीएसटीतून वजा मिळतो. मूळ सीमाशुल्क आणि त्यावरचा १० टक्के समाजकल्याण अधिभार मात्र किमतीत धरावा लागतो. आयईसीची, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकाची, धास्ती बाळगू नये. पॅन हाच क्रमांक, शुल्क ५०० रुपये, फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ऑनलाइन अद्ययावत करावा.

खरा चटका न्हावा शेवा बंदरात बसतो. कंटेनरचा काही भाग घेऊन आणलेल्या जड मालाचे भाडे तिकडचा फॉरवर्डर (माल पाठवणारा एजंट) कधीकधी जवळजवळ फुकट सांगतो आणि डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याचा आदेश), सीएफएस (बंदराजवळचे कंटेनरचे गोदाम), हाताळणी अशा नावांनी तेच पैसे इकडे वसूल होतात. तेव्हा इथल्या खर्चाचे दर आधीच लेखी मागावेत.

एवढे असूनही माझा कल आयातीकडे झुकला, तो एका कारणाने. सीएनएमजी १२०४०८ हा इन्सर्ट मी एका व्यापाऱ्याकडून घेत असे. या क्रमांकातून आकार, जाडी, टोकाची ०.८ मिमी त्रिज्या कळते. कार्बाइडची ग्रेड आणि कोटिंग कळत नाही. पहिल्या खेपेचा काळा इन्सर्ट बिडावर सुरेख चालला, म्हणून गिऱ्हाइकाने पुन्हा तोच मागितला. दुसऱ्या खेपेला डबी तीच, लेबल तेच, आतला इन्सर्ट सोनेरी आणि टोक दुपारच्या आत झिजलेले. "शेट, माल तोच आहे, लॉट वेगळा," एवढेच उत्तर मिळाले. हे गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगणार? कारखान्याशी थेट व्यवहार असला की प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर (माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलावर) ग्रेड लिहून घेता येते आणि नवी खेप जपून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून पाहता येते.

ज्याचे भांडवल बेताचे आहे, त्याने चक आणि वाइस नागदेवीहूनच घ्यावेत, असे मला वाटते. सतत लागणाऱ्या तीन-चार इन्सर्टची आयात मात्र जरूर करून पाहावी. हा माल लहान असल्याने विमानाच्या कुरिअरने येतो, न्हावा शेवाचे तोंड पाहावे लागत नाही, आणि तोच कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या गिऱ्हाइकांनाही खपतो. फक्त कुरिअरवाल्याला आयईसी आणि जीएसटी क्रमांक आधी कळवावा, कारण बिल ऑफ एंट्रीवर (आयातीच्या सीमाशुल्क कागदावर) आपला जीएसटी क्रमांक नसेल तर आयजीएसटी वजा मिळवताना अडचण येते.