देश एकमेकांशी कसे वागतात हे सांगणारे दोन सिद्धांत, रिअलिझम की लिबरलिझम?
रिअलिझमवाले म्हणतात देशांच्या वर कुणी पोलीस नाही, म्हणून ज्याची ताकद त्याचंच चालतं, करार नुसते कागदावर. १९९४ ला बुडापेस्टमध्ये युक्रेननं अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटननं सीमांचा मान राखायचा शब्द दिला आणि २०१४ ला रशियानंच युक्रेनचा क्रायमिया गिळला, इथं रिअलिझम चपखल बसतो राव. लिबरलिझम म्हणतो व्यापार आणि संस्था घट्ट असल्या की लढाई परवडतच नाही. फ्रान्स-जर्मनी १८७० पासून तीनदा भिडले, पण १९५१ च्या पॅरिस करारानं कोळसा-पोलाद, म्हणजे तोफांचाच कच्चा माल, एका सामायिक संस्थेच्या हाती गेला आणि नंतर युद्ध नाही. अर्थात डोक्यावर नाटोची, म्हणजे अमेरिकेसोबतच्या लष्करी युतीची छत्री होती, हा रिअलिस्टांचा मुद्दा खोडता येत नाही, तरी मला लिबरलिझमच जास्त पटतो, कारण नुसत्या छत्रीखाली कुणी सीमेवरचे नाके काढून टाकत नाही.