कागदपत्रे नसलेला आश्रयार्थी: कॅनडाची पद्धत की जर्मनीची?

भारताने 1951च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. उद्या असा कायदा करायचा झाला, तर मसुदा लिहिणाऱ्यांना आधी हे ठरवावे लागेल की, ज्याच्याजवळ पासपोर्ट किंवा जन्मदाखला नाही, त्याची ओळख कशी पटवायची. 1991मध्ये सोमालियातील सरकारच कोसळले, तेव्हा दाखला देणारी कचेरीच उरली नाही. म्यानमारमध्ये 1982च्या कायद्याने बहुतेक रोहिंग्या नागरिकत्वाबाहेर गेले.

कॅनडाच्या कायद्यातील कलम 106 अर्जदाराची विश्वासार्हता जोखताना कागद नसल्याची दखल घ्यायला लावते. मात्र त्याचे पटण्याजोगे कारण त्याने दिले आहे का, किंवा कागद मिळवण्याची वाजवी खटपट केली आहे का, हेही पाहणे बंधनकारक करते. आश्रय मिळालेल्याला पुढे कायम वास्तव्यासाठी, पासपोर्ट नसल्यास, त्याला पूर्वीपासून ओळखणाऱ्यांची शपथपत्रे देता येतात. ही सोय सहज आलेली नाही. 1997च्या नियमाने कागद नसलेल्या सोमाली व अफगाण निर्वासितांना कायम वास्तव्यासाठी पाच वर्षे थांबायला लावले होते आणि तोवर त्यांची बायकामुलेही दूरच राहिली. आजही ओळख न पटल्यास तिथे स्थानबद्धता होऊ शकते, ही उणीव नजरेआड करू नये.

जर्मनीचा भर यंत्रांवर आहे. 2017पासून तिथे कागद नसलेल्यांचे मोबाइल तपासण्याची मुभा आहे आणि बोलीवरून मूळ प्रदेशाचा अंदाज बांधणारे सॉफ्टवेअरही वापरले जाते. फेब्रुवारी 2023मध्ये तेथील संघीय प्रशासकीय न्यायालयाने एका अफगाण महिलेच्या प्रकरणात, सौम्य मार्ग न तपासता नोंदणीच्या वेळीच फोन वाचणे बेकायदा ठरवले. परक्या देशातील छावणीत वाढलेल्या मुलाच्या बोलीवरून त्याचा देश ठरवणे मला तर धोक्याचेच वाटते.

ब्रिटनने 2004मध्ये वाजवी कारणाशिवाय पासपोर्टविना येणे हा गुन्हाच ठरवला. तो कित्ता गिरवू नये.

माझा कौल कॅनडाच्या पद्धतीला आहे, जरी तिला प्रशिक्षित अधिकारी, चांगले दुभाषे आणि सुनावणीसाठी पुरेसा वेळ लागतो. मात्र ‘वाजवी खटपट’ म्हणजे काय, हे मसुद्यात स्पष्ट लिहावे: ज्या सरकारच्या छळापासून माणूस पळाला, त्याच्याच दूतावासात त्याला कागदांसाठी पाठवू नये, कारण त्या एका भेटीने गावी राहिलेले नातेवाईक अडचणीत येऊ शकतात.